चिऊ बाहेर झोपते त्याबद्दल

उप्साला, स्वीडन
७ डिसेंबर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

दिवाळीत पत्राचं कबूल केलं होतं, ते आज लिहितेय. रोजचं तुम्ही फोनवर बघताच. पण फोनवर सगळा वेळ चिऊच घेते आणि मी 'सगळं छान' म्हणून ठेवून देते. तर आधी तेच सांगते, सगळं खरंच छान आहे.

आई, ज्यावरून तू दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीस, ते आधी. पाळणाघरात चिऊला दुपारी बाबागाडीत घालून अंगणात झोपवतात, हे खरं आहे. उणे पाच असलं तरी. फोटो बघून तू 'लेकराला उघड्यावर टाकलंय' म्हणालीस. उघड्यावर नाही गं. अंगात लोकरीचे कपडे, त्यावर पिशवीसारखं जाड पांघरूण, खाली मेंढीचं कातडं, वर गाडीचं छत. नुसतं नाक बाहेर असतं. तू विणलेलं टोपरंही असतंच. तिथल्या ताई सारख्या येऊन तिच्या मानेवर हात ठेवून बघतात. नाक गार लागलं तरी चालतं, मान उबदार पाहिजे. थंडी फारच वाढली तर आत घेतात. इथे सगळ्यांची मुलं अशीच झोपतात, त्यांचे आईबापही लहानपणी असेच झोपले. बंद खोलीत एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो, मोकळ्या हवेत मूल गाढ झोपतं, असं ते मानतात. पहिले चार दिवस मीही कुंपणापाशी उभी होते, पाय निघत नव्हता. अडीच तास झोपली. घरात चाळीस मिनिटांच्या वर झोपत नाही ती.

आणि परक्या बायकांच्या हवाली केलं असं म्हणू नकोस. सुरुवातीला दोन आठवडे आम्ही तिच्यासोबत तिथेच बसत होतो, तशी पद्धतच आहे. बाबा, फी आमच्या मिळकतीच्या ३ टक्के आहे, आणि ठरावीक रकमेच्या वर ती जात नाही. त्याची काळजी करू नका.

माझा चेहरा उतरलेला दिसतो तो उजेडामुळे. सध्या पावणेतीनलाच सूर्य मावळतो. झोप कमी होते हे मात्र लपवत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे केली, तेव्हापासून ह्यांचं पुण्याचं ऑफिस इथल्या पहाटे साडेचारला सुरू होतं. मग रात्र माझ्याकडे. चिऊ दोनदा तरी उठते, मधल्या वेळात मी वाचते. परवा विद्यापीठाच्या कॅरोलिना रेडिव्हिवा ग्रंथालयात वहीवर डोकं ठेवून झोप लागली. शेजारच्या मुलीने उठवलं नाही, माझा कोट माझ्याच अंगावर टाकून गेली. तास सव्वादहाला सुरू होतो. इथे दहा लिहिलेलं असलं तरी सव्वादहा धरायचे. त्या पंधरा मिनिटांवर माझं सकाळचं सगळं चालतं. जेवते मी वेळेवर, आई.

बाबा, द्राक्षांच्या छाटणीनंतर पाऊस झाला, वेलींवर दावण्या रोग आला, हे दादाकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत. मग मीही एक सांगायचं ठेवलं होतं ते सांगते. जमिनीतल्या पाण्याचा पेपर राहिला. आदल्या रात्री चिऊला ताप होता, पण ते कारण म्हणून सांगत नाही, माझी तयारीच कमी पडली. वर्ष वाया जात नाही, पुन्हा देता येतो, वेगळी फी नाही. फेरपरीक्षा फेब्रुवारीत आहे. धाकटीच्या लग्नाच्याच आठवड्यात.

तारीख कळली त्या दिवशी फोनवर मी खूप हसले ना, ते खोटं नव्हतं. पण आम्हाला येता येणार नाही. तिघांच्या तिकिटांचे पैसे हातात घेतले तर तुमच्याकडे पाठवायला काही उरत नाही, आणि ते मला जमणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साठ हजार येतील. त्यातून आधी माझ्या पाटल्या तारणातून सोडवा आणि तिच्या हातात घाला. माझ्या फीसाठी गेल्या होत्या, आता तिच्याच होऊ देत. मागे करवली म्हणून आत्याच्या मुलीला उभी करा. धाकटीला हे मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

मुहूर्त साडेबाराचा म्हणजे इथे सकाळचे आठ. अक्षतांच्या वेळी फोन दादाच्या हातात द्या. चिऊला परकर-पोलकं घालून बसवते, पाळणाघरात त्या दिवशी उशिरा नेईन.

तुमची,
ताई