ऑपरेशननंतर करंगळी बधिर? सलाईनला दोष देऊन थांबू नका

संपादक महोदय,

मोठ्या ऑपरेशननंतर करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर झाला, की घरचे म्हणतात, ‘सलाईनची सुई लागली असेल’ किंवा ‘भूल उतरली नसेल’. पूर्ण भुलीचा अंमल काही तासांत ओसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल, तर बहुधा कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दुखावलेली असते.

जागेपणी मुंग्या आल्या की आपण हात हलवतो. भुलीत त्या कळतच नाहीत आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांमुळे सांधे नको तितके ताणले जातात. म्हणून उताण्या रुग्णाचा हात शरीरापासून ९० अंशांपलीकडे नेऊ नये. आर्मबोर्डवर (टेबलाला जोडलेल्या, हात ठेवायच्या फळीवर) तळहात वर किंवा अंगठा वर असावा, कोपराखाली जेल वा फोमचे पॅड हवे. तळहात पालथा झाला की नस थेट फळीवर दाबली जाते. रक्तदाबाचा पट्टा कोपरावर घसरू देऊ नये. दंडाची मागची बाजू टेबलाच्या कडेला टेकली तर रेडियल नस दबून मनगट लुळे पडते. कुशीवरच्या रुग्णाला छातीखाली रोल देतात, तो काखेत नव्हे, काखेच्या थोडा खाली. वर सरकला, तर ज्या नसा वाचवायच्या त्यांवरच दाब येतो. बायपासमध्ये छातीचे हाड फाकवताना खांद्याकडच्या नसांचे जाळे ताणले जाते.

हे सारे पाळूनही इजा होऊ शकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मधुमेही, फार कृश किंवा फार स्थूल रुग्णांना धोका जास्त. अल्नर नसेचा त्रास पुरुषांत अधिक दिसतो. लक्षणे कधीकधी दोन दिवसांनी सुरू होतात, त्यामुळे वॉर्डातही कोपर वाकवून खाटेच्या कडेवर रेलू देऊ नका. उशी द्या.

माझा आग्रह एवढाच: ऑपरेशनआधी ‘हाताला मुंग्या येतात का?’ हे विचारून केसपेपरवर लिहावे आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला मनगट उचलायला, बोटे फाकवायला, अंगठा व करंगळी जुळवायला सांगावे. एक मिनिट लागते. आज अनेक ठिकाणी ही नोंदच नसते आणि मग इजा जुनी की नवी यावर वाद होतो.

फक्त बधिरपणा असेल तर तो बहुतेकदा काही आठवड्यांत जातो. ताकद गेली असेल तर न्यूरोलॉजिस्टला लगेच दाखवा. ईएमजी (स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजणाऱ्या) तपासणीत नव्या इजेच्या खुणा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी तपासणी पुन्हा करावी. तंतू तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. तोवर फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) चालू ठेवावा, नाहीतर नस सुधारेपर्यंत बोटांचे सांधेच आखडतात.

– एक भूलतज्ज्ञ, नाशिक