गावभागातल्या घराचे कोटेशन

सातारा,
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. सुहास यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या सांगलीच्या घराच्या दुरुस्तीची तू पाठवलेली दोन्ही कोटेशने मी नीट वाचली. पहिल्या ठेकेदाराने सांगितलेले ७,८५,००० रुपये जास्त आहेत का, आणि दुसऱ्याचे ८,६०,००० पाहता पहिल्यालाच काम द्यावे का, एवढेच तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर नुसत्या बेरजेवरून कोणालाच देता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ठेकेदारांची बिले तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि तिथे दर हा आम्ही सर्वांत शेवटी पाहायचा रकाना होता. त्याआधी कामाचे वर्णन आणि मग परिमाण, हाच क्रम असे, कारण दर सर्वांना ठाऊक असतात आणि त्यात लपवालपवी फारशी चालत नाही.

सर्वांत आधी कराचे पाहा. पहिल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असे लिहिले आहे. साहित्यासह कामावर तो १८ टक्के लागतो, म्हणजे ७,८५,००० वर १,४१,३०० रुपये आणखी, आणि एकूण ९,२६,३०० होतात. दुसऱ्याने ८,६०,००० करासह लिहिले आहेत. तेव्हा स्वस्त कोण, हे तूच ठरव. कर वेगळा घेणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक माग. तो पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तो कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटी सवलतीत) असेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, हेही ध्यानात ठेव.

आता प्लास्टरकडे येते, कारण आपल्या घराचे सगळे दुखणे तिथेच आहे. माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर मिळून आतले प्लास्टर पहिल्याने १,६५० चौरस फूट धरले आहे. माजघर १२ बाय १६, म्हणजे चारही भिंतींची लांबी ५६ फूट, आणि उंची १० फूट असल्यामुळे ५६० चौरस फूट. स्वयंपाकघर १० बाय १२ चे, त्याचे ४४०. देवघर ८ बाय ८ चे, त्याचे ३२०. बेरीज १,३२० होते, आणि तीही दारे-खिडक्या वजा न करता. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दारा-खिडकीसाठी भिंतीची एकच बाजू वजा करायची आणि दुसऱ्या बाजूच्या बदल्यात चौकटीच्या कडा सोडून द्यायच्या, असा मोजमापाचा नियम आहे. आपली दारे तीन बाय सातची, ती यातच बसतात. म्हणजे आकडा १,३२० च्या खालीच यायला हवा, वर नव्हे. छत धरले म्हणावे, तर तिन्ही खोल्यांचे छत ३७६ होते आणि तेही जुळत नाही. त्याच्या ५८ रुपयांच्या दराने या जास्तीच्या ३३० फुटांचे १९,१४० रुपये होतात. तू मात्र फोनवर त्याच्याशी ५८ चे ५५ करण्यासाठी घासाघीस करत होतास.

खरे तर त्या दरावर माझा आक्षेप नाही. १:४ प्रमाणाच्या, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळूच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टरला शंभर चौरस फुटांमागे सिमेंटचे साधारण एक पोते आणि पाचेक घनफूट वाळू लागते. जुनी वीटभिंत वाकडीतिकडी असल्यामुळे तिथे दोन थरांत २० मिलिमीटर करावे लागते, आणि मग माल दीडपटीहूनही जास्त जातो. तू दुकानात आजचा सिमेंटचा आणि क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) भाव विचार, एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचे बिगारी दिवसाला किती काम उरकतात ते शेजारच्यांना विचार, आणि ही बेरीज स्वतः करून पाहा. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबरमध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याने दर जुन्या यादीतून उतरवले आहेत का, तेही कळेल. त्या बेरजेवर त्याचा नफा आणि वरखर्च चढणारच. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणातही ठेकेदारासाठी त्यापोटी १५ टक्के धरतात. त्याने पोट भरू नये असे कोणी म्हणत नाही. उलट दर फार खाली ओढलास, तर तो १:४ चे १:६ करील, आणि ओल्या मालाकडे पाहून तुला ते ओळखता येणार नाही.

माझा आक्षेप वर्णनावर आहे. 'खराब प्लास्टर काढून नवे करणे' असे त्याने लिहिले आहे. कोणते खराब, हे कोण ठरवणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि धोक्याची पातळी तर ४५ फुटांची आहे. त्या वेळी आपल्या माजघरातल्या भिंती किती दिवस पाण्यात होत्या, हे तुला सांगायला नको. खालच्या विटांना तेव्हापासून लोणा लागला आहे, आणि बोट फिरवले की पांढरी पूड हाताला येते. त्यावर नुसता नवा थर चढवला, तर दोन पावसाळ्यांत तो फुगून खाली येईल. म्हणून 'खराब' खोडून तिथे 'सर्व जुने प्लास्टर विटेपर्यंत काढणे, सांधे अर्धा इंच खोल खरवडणे, भिंत घासून धुणे आणि सुकू देणे' असे लिहून घे. यासाठी त्याने चार पैसे जास्त मागितले तर दे. दुसऱ्या ठेकेदाराने हे काम वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लिहिले आहे. त्याची रक्कम मोठी दिसते त्याचे एक कारण हे आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग दोघांनीही लमसम, म्हणजे फोड न देता एकच रक्कम, लिहिले आहे, ते मला मुळीच पसंत नाही. कोणते रसायन, किती थर, भिंतीवर किती उंचीपर्यंत, आणि फरशी बसवण्याआधी किमान ४८ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते पाहणार की नाही, हे कागदावर यायला हवे. वायरिंगचे ३८ पॉइंट आहेत, पण वायरीची जाडी आणि कंपनी लिहिलेली नाही. दिव्यांना १.५, पॉवरच्या सॉकेटला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढे नक्की करून घे.

फरशीची खोकी जास्त धरली आहेत, ही तुझी शंका मात्र चुकीची आहे. स्वयंपाकघराच्या १२० चौरस फुटांत स्कर्टिंगचे चौदाएक मिळवले आणि तोडमोडीचे दहा टक्के धरले, तर दोन बाय दोनच्या फरशीची दहा खोकी लागतात. पहिल्याने अकरा लिहिली आहेत ती राहू देत. पुढे एखादी फरशी फुटली, तर त्याच छटेची पुन्हा मिळत नाही.

जे दोघांनीही लिहिलेले नाही, ते विचार. राडारोडा कोण उचलणार? आपल्या बोळात ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळे घमेल्यांनी रस्त्यापर्यंत वाहून न्यावा लागेल, आणि ती मजुरी थोडीथोडकी नसते. तेच परांचीचे, कामाच्या पाण्याचे आणि विजेचे.

पहिल्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे, ती देऊ नकोस. सुरुवातीला दहा टक्के, पुढे झालेल्या कामाचे टेप लावून मोजमाप घेऊन त्याप्रमाणे, आणि शेवटचे पाच टक्के येता पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचे, असे सांग. सरकारी कामातही अशी रक्कम राखतात, त्यात त्याचा अपमान नाही. आपल्याकडे भिंतीची ओल कृष्णा चढल्याखेरीज कळत नाही.

दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी घरी बोलाव आणि टेप घेऊन त्यांच्याबरोबर प्रत्येक खोली मोज. पहिल्याला ३३० फुटांबद्दल सरळ विचार, पण चारचौघांत नको आणि आवाज चढवून तर नकोच. त्याने आकडा तिथल्या तिथे दुरुस्त केला आणि कर धरून नवे कोटेशन दिले, तर त्याचा विचार करायला माझी हरकत नाही, कारण त्याचे गवंडी हाताचे चांगले आहेत असे तुझ्या काकांनी सांगितले आहे. दुरुस्त करायला त्याने टाळाटाळ केली, तर दुसऱ्याकडून वॉटरप्रूफिंगची फोड लिहून घेऊन त्यालाच काम दे.

सौ. मेघनाला आशीर्वाद सांग. स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची तिला विचारून मगच कागदावर लिही. दोघांनीही ती आपल्या मनाने टाकली आहे.

तुझी,
आई