पीळ मागवला आठचा, आला साडेनऊचा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रायफलच्या ७ मिमी बॅरलचा पीळ (नळीतल्या खाचांचे वळण) आणि थ्रोट (खाचा सुरू होण्याआधीचा भाग) मागणीप्रमाणे नसल्याबद्दल तक्रार व बॅरल बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या विक्री विभागात एक मराठी गृहस्थ आहेत. "सगळं एकदा नीट लिहून पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, मी वरपर्यंत पोचवतो," असे ते फोनवर म्हणाले, म्हणून हे पत्र. याआधी ई-मेलवर आलेली आपली उत्तरे इतकी साचेबद्ध होती की माझी तक्रार कुणी शेवटपर्यंत वाचली असेल, याचीच मला शंका आहे.

मी टेक्सासच्या किनारपट्टीवर राहतो आणि १००० यार्डांच्या एफ-क्लास, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून लांबच्या लक्ष्यावर नेम साधण्याच्या, स्पर्धांत भाग घेतो. त्या अंतरावर लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे आणि त्याच्या आतले एक्सचे वर्तुळ अवघ्या ५ इंचांचे असते. वाऱ्याने बुलेट कमीत कमी सरकावी म्हणून आम्ही लांब आणि जड बुलेटच्या मागे लागतो. माझे काडतूस .२८४ शेहेन, म्हणजे विंचेस्टरने १९६३ मध्ये आणलेल्या .२८४ च्या पुंगळीला थोडे ऐसपैस करून घेतलेले. असल्या काडतुसाला दुकानातली तयार बॅरल चालत नाही. चेंबर (काडतूस बसते ती जागा), थ्रोट आणि पीळ हे तिन्ही बुलेट बघून ठरवावे लागतात. आपल्याकडे जास्तीचे पैसे मोजले ते एवढ्याचसाठी.

ऑर्डरमध्ये मी स्पष्ट लिहिले होते : बुलेटचे वजन १९५ ग्रेन, कॅलिपरवर लांबी १.६३ इंच, पीळ ८ इंचांत एक फेरा. आपल्या पावतीवर १:८ आहे. चेंबरच्या बाजूला बॅरलवर ठोकलेला आकडाही ८ आहे. आत मात्र साडेनऊ आहे, म्हणजे पीळ सैल, आणि लांब बुलेटला तो पुरत नाही.

हे मी कसे ठरवले ते सांगतो, कारण "आमच्या नोंदीप्रमाणे पीळ ८ च आहे" हे आपले पहिले उत्तर होते. मुठीपाशी मोकळी फिरणारी सफाईची सळई घेतली, टोकाला कापडाची घट्ट चिंधी लावली आणि ती मागच्या बाजूने नळीत सरकवली. चिंधी खाचांत बसली की सळई पिळाबरोबर आपोआप वळते. सळईवर वरच्या अंगाला एक खूण केली आणि ती खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत सळई किती आत गेली ते मोजले. साडेनऊ इंच. इथल्या बंदूक-कारागिरानेही त्याच्या सळईने मोजले, आकडा तोच. ही तपासणी चहा उकळेपर्यंत होते. आपल्याकडे बॅरल बाहेर पडताना ती कुणीच का केली नाही?

आपले दुसरे उत्तर असे, की आपल्या रेंजवर याच वजनाच्या बुलेटची चाचणी झाली आणि १०० यार्डांवर छिद्रे गोल आली. यावर माझा विश्वास आहे. आपला कारखाना आणि रेंज समुद्रसपाटीपासून सुमारे ५००० फूट उंचीवर आहेत. तिथली हवा विरळ, म्हणून तीच बुलेट तिथे जास्त स्थिर राहते. पिळावरून बुलेटची स्थिरता काढायचे डॉन मिलर यांचे २००५ चे सूत्र आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असेलच. माझ्या बुलेटची मापे त्यात घातली तर साडेनऊच्या पिळावर स्थिरतेचा अंक समुद्रसपाटीला १.१७ च्या आसपास येतो. गोठवणाऱ्या थंडीच्या सकाळी हवा आणखी दाट, तेव्हा १.११. आपल्या उंचीवर उबदार दिवशी तोच अंक १.४५ च्या घरात जातो. बुलेट बनवणारे साधारण १.५ धरायला सांगतात आणि १ च्या खाली बुलेट कोलांट्या खाते. मागितल्याप्रमाणे आठचा पीळ असता तर माझ्या रेंजवरही १.६५ मिळाले असते. थोडक्यात, आपल्या चाचणीने आपल्या गावची हवा तपासली.

माझ्या कागदावर काय दिसते? १०० यार्डांवर छिद्रे किंचित लांबुळकी आणि राखाडी डाग एकाच बाजूला जास्त. १००० यार्डांवर गोळ्या हिशेबापेक्षा खाली लागतात आणि वर-खाली पांगतात, कारण डगमगणाऱ्या बुलेटला हवेचा विरोध जास्त होतो. ज्या गुणासाठी जड बुलेट घ्यायची, तोच गुण वाया.

तिसरे उत्तर वाचून मात्र डोके फिरले. "१६८ ग्रेनच्या बुलेट वापरून पाहा, या पिळावर उत्तम चालतील." जोडा चावतो म्हणून तक्रार केली तर बोटे कापून घ्या, असला हा सल्ला! हलक्या बुलेटच हव्या असत्या तर आठचा पीळ सांगितलाच नसता. असली चूक पूर्वी मोठ्या कंपनीनेही केली आहे. रेमिंग्टनने १९५५ मध्ये .२४४ हे काडतूस आणले ते १:१२ च्या सैल पिळावर. त्याच वर्षीच्या .२४३ विंचेस्टरचा पीळ १:१० होता आणि त्यातून १०० ग्रेनची बुलेट नीट जायची. गिऱ्हाइके तिकडे गेली. पुढे रेमिंग्टनने पीळ घट्ट केला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले. हलक्या बुलेट वापरा, एवढे सांगून त्यांचेही भागले नाही.

आता थ्रोट. ऑर्डरसोबत मी एक डमी काडतूस पाठवले होते. त्यात दारू नाही, प्रायमर नाही, पण बुलेट हव्या त्या खोलीवर बसवलेली, म्हणजे खाचा कुठून सुरू व्हाव्यात हे रीमर (चेंबर कापायचे हत्यार) चालवणाऱ्याला कळावे. आपल्या कारागिराने ते पाहिलेले दिसत नाही. तशाच मापाचे दुसरे डमी करून, बुलेट मार्करने काळी करून चेंबरमध्ये घातली, तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंदच होईना. बाहेर काढल्यावर काळ्या रंगावर खाचांच्या कडांचे चकचकीत ओरखडे उठले होते. बुलेट आत ढकलून बसवावी तर तिचा बुडखा पुंगळीच्या मानेच्या खाली उतरतो, दारूची जागा खातो आणि दाब वाढतो. तो प्रयोग मी करणार नाही.

"झाडलेली बॅरल परत घेत नाही" हा नियम मी वाचला आहे. तो गिऱ्हाइकाचे मन बदलले तर लागू व्हावा. पावतीवर एक माप लिहून दुसरे पाठवले, तिथे नाही.

तेव्हा पहिल्या बॅरलच्या पोलादाची, जाडीची आणि लांबीची, पण खऱ्या १:८ पिळाची व माझ्या डमीप्रमाणे थ्रोट कापलेली नवी बॅरल द्यावी. जाण्यायेण्याचा खर्च आपला. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पुढच्या खरेदीवर सूट नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे हा व्यवहार वादात टाकेन. पावती, मोजमापाचे फोटो आणि लक्ष्याचे कागद सोबत जोडले आहेत.

त्या दिवशी त्याच यंत्रावर आणखी कुणाच्या बॅरली निघाल्या असतील, तर त्यांनाही कळवावे.

आपला,
एक ग्राहक

ता. क. : माझे मूळ डमी काडतूस अजून आपल्याकडेच आहे. नव्या बॅरलचा थ्रोट कापताना ते कारागिराच्या हातात द्यावे आणि बॅरलसोबत परत पाठवावे.