बंगळूरचं घर मी सोडलं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई लगेच "बरं बरं, तू म्हणशील तसं" म्हणते आणि बाबा फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहितेय. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर तुमच्यासाठी घर धरून ठेवलं होतं ना, ते मी काल सोडलं. अनामत पूर्ण परत मिळाली, बाबा, एक पैसाही गेला नाही. तुम्ही आता ठाण्यातच, आपल्या नौपाड्यातल्या घरातच राहायचं.

आई, "पोरगी कंटाळली वाटतं" असं मनात आणू नकोस. तसं काही नाही गं. श्रावणात बाबांना जिन्यात चक्कर आली, तेव्हा मी इथे रात्रभर जागी होते. डोळे मिटले की आपल्या तीन मजल्यांच्या पायऱ्याच दिसायच्या. त्या रात्रीच ठरवलं होतं की आता दोघांना इकडे आणायचं. जिना चढायचा नाही, गेटसमोर दवाखाना आहे, बाथरूमला पायरी नाही, सगळं बघून घेतलं होतं. दिवाळीनंतर दोन महिने तुम्ही राहूनही गेलात. जावयांनी, छोटीने काही कमी केलं नाही. तुम्हीही एकदासुद्धा तक्रार केली नाहीत, आणि मला तेच खुपत राहिलं.

बाबा, पहिल्या तीन दिवसांत तुम्ही घरातले सगळे ढिले स्क्रू आवळलेत, गळका नळ नीट केलात, स्वयंपाकघराच्या दाराची कुरकुर घालवलीत. चौथ्या दिवशी करायला काहीच उरलं नाही. मग बाल्कनीतल्या खुर्चीत बसलात ते निघेपर्यंत. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेले हात असे मांडीवर नुसते पडलेले मला बघवत नव्हते. आणि आई, ॲपवरून भाजी आली की तू पिशवीतली शेंग हातात घ्यायचीस, मोडून बघायचीस आणि काही न बोलता ठेवून द्यायचीस. भाव केला नाही, भाजीवालीशी चार शब्द बोलली नाहीस, तर तुला ती भाजी आपली वाटणार कशी?

तुम्ही ठाण्याला परतल्यावर आठवड्याने मी संध्याकाळी फोन केला. बाबा म्हणाले, "नंतर कर गं, आज वेळच मिळाला नाही." समोरच्या काकूंच्या मिक्सरचं कपलिंग बदलायचं होतं, ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक आणायचं होतं, आणि आई जांभळी नाक्यावरून अजून यायची होती. फोन ठेवून मी खूप रडले. बंगळूरच्या दोन महिन्यांत "वेळ मिळाला नाही" हे वाक्य मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. रिटायर झालेल्या माणसाला आराम द्यायचा असतो असं मी धरून चालले होते. तुम्हाला आराम नको होता, तुमची कामं हवी होती. हे कळायला मला इतके दिवस लागले, मला माफ करा.

बाबा, आठवतंय का, रविवारी तुम्ही मला ग्रंथसंग्रहालयात न्यायचात. पायऱ्या चढताना दर वेळी सांगायचात, "१८९३ सालापासून चालू आहे हे." मी दर वेळी विचारायचे, "म्हणजे आजोबांच्याही आधीपासून?" परत येताना तलावपाळीला एक फेरी, कोपिनेश्वराला नमस्कार आणि चण्याची पुडी. मला पुडी पूर्ण मिळावी म्हणून तुम्ही "दात दुखतोय" म्हणायचात. दात दुखत नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं, बाबा.

तर आता ठाण्यात राहायचं म्हणजे माझं ऐकायचं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवायला सेक्रेटरींनी हो म्हटलंय. तिथे पाच मिनिटं बसल्याशिवाय वर जायचं नाही, हातात पिशवी असो वा नसो. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे बसवायला शनिवारी माणूस येईल. बाबा, त्याला त्याचं काम करू द्या, स्वतः स्टुलावर चढू नका. पंखे पुसायलाही नाही. सकाळी उठल्या उठल्या ताडकन उभं राहायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, कारण बीपीच्या गोळ्यांवर असं एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आई, तू मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेतेयस, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात म्हणतेस ना? डॉक्टरांना सांगून तपासून घे, "वयाचं आहे" म्हणून सोडून देऊ नकोस.

बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफची पेन्शन असणाऱ्यांना, नोव्हेंबरही गाठावा लागत नाही, ज्या दिवशी दाखला द्याल तिथून वर्षभर चालतो. पण तुम्हाला बँकेत जाऊन सगळ्यांना भेटायचं असतं, तर जा. फक्त रिक्षाने जा.

आणि एक तारखेपासून पोळ्यांना मावशी येणार आहेत. पैसे देऊन झालेत, आता नाही म्हणू नकोस आई. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, तू एकाहत्तराव्या वर्षीही कणीकच मळतेयस. भाजी तूच कर, तुझ्या हातची आमटी कुणाला येणार आहे? पण पोळ्या त्यांना करू दे. तो तास गॅलरीत बस, नाहीतर काकूंकडे जा. आधी चुकल्यासारखं वाटेल तुला, पण महिनाभर करून तर बघ.

तुम्ही राहत होतात ती खोली रिकामी झाली म्हणून छोटी जरा हिरमुसली आहे. मे महिन्यात तिला पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवेन.

मी पुढच्या महिन्यात येतेय. खोपटहून एसटीने चिपळूणला जाऊन येऊ. बाबांची पंचाहत्तरी झाली म्हणून ते फुकट, आणि बायकांना अर्धं तिकीट म्हणून तुला अर्धं आणि मलाही अर्धं. माझ्या आधारवर अजून ठाण्याचाच पत्ता आहे, मी तो बदलला नाही. तिघांचे मिळून एकाच तिकिटाचे पैसे.

येताना मिक्सरचं भांडं आणतेय, बाबा. पातं सैल झालंय. इथे दुरुस्तीला दिलं नाही, तुमच्यासाठी ठेवलंय.

तुमची,
चिमणी