यकृताचा कर्करोग आणि खवट शेंगदाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यकृताच्या कर्करोगाचा विषय निघाला की चर्चा दारूपाशीच थांबते आणि थेंबही न घेतलेल्या रुग्णाच्या घरच्यांना लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, याचे फार वाईट वाटते. १९९१ मध्ये चीनमधील चीदोंग आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणाऱ्या पी-५३ या जनुकात २४९ व्या स्थानी एकच ठरावीक बदल पुन्हा पुन्हा आढळला. मका व भुईमुगावरील बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाची ती खूण होती. या बदलामुळे पी-५३ चा पहारा उठला की बिघडलेली पेशी मरण्याऐवजी विभाजित होत राहते आणि पुढे गाठ यकृतातल्या रक्तवाहिन्यांतून पसरू लागते. त्यातच हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग असेल, तर धोका कैक पटींनी वाढतो.

आपल्या घरात रोज कूट लागते. काळपट, सुरकुतलेले दाणे मात्र निवडून फेकण्याऐवजी भाजून त्यातच ढकलले जातात, आणि भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. गोदामांतील ओलाव्याची तपासणी आणि नवजात बाळाला पहिल्या २४ तासांत द्यावयाची हिपॅटायटिस बीची लस, या दोन्हींचा आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर