‘कुणाला सांगू नकोस’

संपादक महोदय,

गेल्या वर्षी माझ्या मुलीचे डोळे रोज सकाळी सुजलेले दिसायचे. विचारलं की ‘अभ्यास होता’ एवढंच. एका रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर तिच्या पांघरुणातून मोबाइलचा उजेड येत होता. मी रागाने पांघरूण ओढलं आणि ती हुंदके देऊन रडायलाच लागली. तिची मैत्रीण रोज रात्री मेसेज करत होती, मला जगावंसंच वाटत नाही. आणि खाली दर वेळी, कुणाला सांगू नकोस, शप्पथ. आपला डोळा लागला आणि नेमका तेव्हाच मेसेज आला तर, या धास्तीने माझी पोर जागी राहायची. तीन आठवडे! वय वर्षं पंधरा.

मुलांच्या मनःस्वास्थ्यावर हल्ली बरंच छापून येतं. पण जे मूल दुसऱ्याचं ऐकून घेतं, त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. पन्नास मुलांचा वर्ग धरला तर साधारण सात जण. ही मुलं बोलतात ती बहुधा बाकावरच्या शेजाऱ्याशी, आपल्याशी नाही. आई म्हणून हे मला लागतं, पण आहे ते असं आहे.

चॅड व्हारा नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९३५ मध्ये केलेला पहिला अंत्यविधी १४ वर्षांच्या एका मुलीचा होता. पाळी आली, ती गुप्तरोग समजली, आणि विचारायला कुणी नाही म्हणून तिने जीव दिला. १९५३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘समॅरिटन्स’ ही जीव नकोसा झालेल्यांचं ऐकून घेणारी हेल्पलाइन सुरू केली. त्यांच्या भेटीसाठी थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा द्यायचे, बोलत बसायचे, आणि कित्येक जण तेवढ्यानेच हलके होऊन घरी जायचे. ती साधीच माणसं होती. मात्र आज तिथे प्रशिक्षणाशिवाय कुणाला फोनवर बसवत नाहीत. मग आपल्या मुलांना आपण कुठल्या तयारीवर सोडतो?

मी त्याच रात्री त्या मैत्रिणीच्या आईला फोन केला. ‘ती आता माझ्याशी कधीच बोलणार नाही’ म्हणत माझी मुलगी दारात उभी होती. दोन महिने ती मैत्रीण खरंच बोलली नाही. आता तिच्यावर उपचार चालू आहेत आणि दोघी पुन्हा एका बाकावर बसतात.

शाळांना विनंती आहे, आठवीपासून मुलांना ऐकायला शिकवा. मध्ये न तोडता, लगेच उपाय न सुचवता. ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे सरळ विचारायलाही शिकवा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. आणि जिवाशी गाठ असेल तिथे शपथ मोडायचीच, हे मोठ्यांनी आधीच सांगून ठेवावं, म्हणजे मोडणाऱ्याला गुन्हेगार वाटणार नाही. मोडून जायचं कुणाकडे, त्या एका शिक्षकाचं नाव वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात सांगावं. त्या दाराशी आलेल्या मुलाला ‘तास सोडून का आलास’ असं कुणी विचारू नये.

आपली,
एक आई
(दोन्ही मुलींसाठी नाव देत नाही.)