म्हापशातल्या त्या अनोळखी माणसांना

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बाबांना एकाएकी धाप लागली, तेव्हा ज्यांनी त्यांना सावरलं त्या सर्वांचे मनापासून आभार. नावं विचारायचं भान तेव्हा कुणालाच नव्हतं.

बाबांना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, पंप कमजोर झालाय. त्यात त्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशनची भर पडली. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी वेडीवाकडी धावते. आधीच थकलेल्या हृदयाला हे झेपत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचू लागतं.

सगळ्यांत जास्त आभार त्या मासळीवाल्या मावशीचे. लोक बाबांना आडवं करायला निघाले होते. "बसूंक दियात तांकां!" म्हणून ती असली गरजली की गर्दी मागे सरली. आडवं झाल्यावर अशी धाप वाढते, हे तिला ठाऊक होतं. तिच्या घरवाल्यालाही हाच आजार. मिठानं अंगात पाणी साचतं, म्हणून मीठ घातलेलं लिंबूपाणीही तिनंच परतवलं.

पिशवीतून औषधांची चिठ्ठी शोधून १०८ च्या रुग्णवाहिकेत देणाऱ्या मुला, तुझेही आभार. थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून आता रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली आहे. आधीची औषधं कळल्यानं डॉक्टरांचं काम सोपं झालं. खुर्ची देणारे दुकानदार, वाट मोकळी करणारे कंडक्टर, तुम्हालाही नमस्कार.

बाबा घरी आलेत. मावशी, बांगडे आता तुमच्याकडूनच घ्यायचे म्हणतात. ताजे हं, खारे नव्हेत!